जॅममध्ये कॉर्नफ्लोअर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत स्ट्रॉबेरी जॅमची कृती आली होती, एक किलो स्ट्रॉबेरी, अर्धा किलो साखर आणि शेवटी "घट्ट होत नसेल तर दोन चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला". अहो, याला जॅम नाही, लापशी म्हणतात. छापून आलंय म्हटल्यावर मी मुकाट्याने तसंच केलं आणि चौथ्या दिवशी बरणीत वर पाणी नि खाली लगदा. एका वाचकाने तर म्हणे जिलेटिन घातलं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

जॅम घट्ट करणारी गोष्ट फळातच असते हो, तिला पेक्टिन म्हणतात. पेशींच्या भिंतीत असतं ते, म्हणून तर कच्चं फळ कडक लागतं आणि फळ जसजसं पिकतं तसतसं फळातलीच एन्झाइम्स ते मोडत जातात म्हणून ते मऊ पडतं. आपण काय करतो, लिबलिबीत झालेली, खाववत नाही अशी फळं जॅमला काढतो, आणि मग तो आळत का नाही म्हणून गॅससमोर तासभर ढवळत बसतो. जास्त उकळलं की उरलंसुरलं पेक्टिनही मोडतं, म्हणजे सगळीच बोंब.

त्यात स्ट्रॉबेरीत ते मुळातच कमी. पेरूत भरपूर, कवठात आणि करवंदातही भरपूर. आमची आजी पेरूची जेली करायची तेव्हा अर्धेकच्चे पेरू मुद्दाम निवडून घ्यायची, बियांसकट चिरून पाण्यात शिजवायची आणि पंच्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायची, अगदी चक्क्यासारखं. पंचा पिळला तर आमच्या पाठीत धपाटा, कारण पिळलं की जेली गढूळ होते. सकाळी वाटीभर पाण्याला पाऊण वाटी साखर, एक लिंबू, बस. पेक्टिन हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. (तो शब्द १८२५ मध्ये ब्राकोनो नावाच्या फ्रेंच केमिस्टने काढला, गोठणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.)

लिंबू चवीसाठी असतं असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाहीये, पेक्टिनचे धागे एकमेकांना धरायला आंबटपणा लागतो आणि साखर लागते, साखर पाणी ओढून घेते मग धागे जवळ येतात आणि जाळी बनते. जॅममध्ये साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास साखर लागते ती म्हणूनच. तेव्हा साखर निम्मी करून "हेल्दी जॅम" होत नाही, पातळ सॉस होतो आणि बुरशीही लवकर येते. कमी साखरेत सेट होणारं वेगळं पेक्टिन मिळतं, त्याला कॅल्शियम लागतं, पण ते घरात कोणाकडे असतं?

आता उपाय. मी दुसऱ्यांदा केला तेव्हा किलोभर स्ट्रॉबेरीत थोड्या कमी पिकलेल्या घेतल्या, दोन लिंबांचा रस घातला, त्या लिंबांच्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून पातेल्यात सोडल्या (बियांभोवतीच्या बुळबुळीतपणात पेक्टिन असतं, बिया ठेचू मात्र नका, कडू होतं) आणि वाटीभर पेरूचं गाळलेलं पाणी. कवठाचंही चाललं असतं पण त्याचा वास स्ट्रॉबेरीला खाऊन टाकतो. फ्रीझरमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलला, वर सुरकुती पडली, की गॅस बंद. पातेल्यात तो पातळच दिसतो, गार झाल्यावर घट्ट होतो, इथेच माणसं घाबरून अजून आटवतात.

तेव्हा येत्या रविवारी कृती दुरुस्त करून छापा ही विनंती. स्ट्रॉबेरी आणि पेरू दोन्ही अजून बाजारात आहेत तोवर छापलीत तर बरं.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा