पागानिनीचं व्हायोलिन आणि आपला तंबोरा

ती. आई व ती. बाबांस,
सा. न.

आई, तुझा तंबोरा माझ्यासाठी ठेवायचा म्हणतेस, त्याबद्दल शेवटी लिहिते. बाबा, पागानिनी या जुन्या, गाजलेल्या इटालियन वादकाचं व्हायोलिन बघून आले म्हटल्यावर तुम्ही लगेच विचारलंत, "विकलं तर किती येतील?" निवृत्त झालात तरी बँक काही सुटली नाही तुमची! तर ते विकताच येत नाही. पागानिनी 1840 मध्ये नीसला वारला. हे व्हायोलिन कायमचं जपायचं म्हणून त्याने ते आपल्या गावाला, म्हणजे इटलीतल्या या जिनोआला, मृत्युपत्राने दिलं. 1851 मध्ये ते नगरपालिकेच्या ताब्यात आलं. खुद्द मालकाला मात्र चर्चने दफनाला जागा नाकारली होती. तो पार्म्याच्या दफनभूमीत पोचला 1876 मध्ये. वाद्याला त्याच्याआधी घर मिळालं!

आकडा हवाच ना? हे व्हायोलिन घडवणाऱ्या ग्वारनेरी देल जेझू या कारागिराचंच, 1741 चं दुसरं एक व्हायोलिन पूर्वी व्हियेताँ नावाचा नामांकित वादक वाजवायचा. दहा-बारा वर्षांपूर्वी ते 1 कोटी 60 लाख डॉलरच्याही वर गेलं. घेणाऱ्याने नाव गुप्त ठेवलं आणि अ‍ॅन अकिको मायर्स या वादिकेला ते हयातभर वाजवायला दिलं. एवढं मोजून त्याला मिळालं काय, तर ते कोणाच्या हाती जावं हे ठरवायचा हक्क. मला तो सौदा वेडेपणाचा वाटत नाही. तुम्हाला वाटेल.

इथलं व्हायोलिन 1743 चं, इटलीतल्याच क्रेमोनात घडलेलं. आवाज एवढा दणदणीत की पागानिनी त्याला 'तोफ' म्हणायचा. तो हनुवटीखाली आधार लावत नसे, त्यामुळे तिथलं रोगण पार झिजलंय. मी सगळ्यात जास्त वेळ तेच बघत राहिले. शेजारी त्याची नक्कलही आहे. पॅरिसच्या व्हियोम या व्हायोलिन-कारागिराकडे ते दुरुस्तीला गेलं, तेव्हा त्याने हुबेहूब दुसरं बनवलं. पुढे ती नक्कल पागानिनीचा शिष्य सिव्होरी आयुष्यभर वाजवत होता. उत्तम वाद्य आहे, पण लोक त्याच्यासमोर फारसे थांबत नाहीत. बाबा, किमतीतला केवढा भाग लाकडाचा आणि केवढा नावाचा, ते तिथे उभं राहिलं की कळतं.

आई, ते आता कोणी वाजवतं का, असं तू विचारलंस, तेही सांगते. ते नुसतं काचेत पडून नसतं. इथल्या पागानिनी स्पर्धेतल्या विजेत्याला ते वाजवायला मिळतं. 2001 मध्ये रेजिना कार्टर या अमेरिकन वादिकेने त्यावर जॅझ वाजवलं, तेव्हा बरीच कुरकुर झाली. मला तर ते फार आवडलं. जो माणूस स्वतः नियम मोडत आला, त्याच्या वाद्याला कसलं सोवळं? 2024 मध्ये ते फ्रान्समधल्या ग्रनोबलला नेऊन क्ष-किरणांखाली तपासलं, म्हणजे न उघडता आतल्या लाकडाची अवस्था कळावी.

म्हणूनच म्हणते, तंबोरा माझ्यासाठी ठेवू नकोस. मी गात नाही आणि पुढेही गाणार नाही. गुरुवारी शिकायला येते त्या मुलीला दे. इतकी वर्षं गवसणीत आहे, त्याची जवारी, म्हणजे तारांना झंकार देणारी घोडीची घासणी, बिघडली असेल. द्यायच्या आधी मिरजेहून कारागीर बोलावून लावून घ्या, तारा नव्या घाला. बाबा, खर्च मी पाठवते, पावती नको.

गोळ्या वेळेवर घ्या दोघंही.

तुमची,
मनू