हॉस्टेलच्या पोरांसाठी खोल्या आणि पेज हवी आहे, वाडीच्या मंडळाचं आवाहन

नमस्कार मंडळी,

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला गेले आणि आपल्या वरच्या अंगाच्या कॉलेजची पोरं पण हॉस्टेलवर परत आली, राजापूर, लांजा, संगमेश्वर, गुहागर, सगळीकडची, एस्टीत कोंबून आली आणि बरीचशी खोकतच आली. एका खोलीत चार खाटा, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद, मधल्या दोरीवर ओल्या पँटी, तिथे एकाला फ्लू झाला की दोन-तीन दिवसात बाकीच्यांना होणारच.

फ्लूचं असं आहे की ताप यायच्या एक दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो आणि मग पुढे पाच ते सात दिवस. म्हणून आजारी पोराला वेगळं झोपवायलाच हवं, पण झोपवणार कुठे? हॉस्टेलला जादा खोली नाही. घरी पाठवायचं तर परत एस्टी, म्हणजे आख्ख्या गाडीला प्रसाद. मग पोरं काय करतात, पॅरासिटामॉल घेतात आणि हजेरी जाईल म्हणून लेक्चरला जाऊन बसतात. गोळीने उतरलेला ताप खरा उतरलेला नसतो, गोळी न घेता 24 तास ताप नसेल तरच वर्गात जायचं. सरांना आणि मॅडमना हात जोडून विनंती, आजारी पोरांची हजेरी कापू नका.

आता मुख्य मागणं. वाडीत कितीतरी घरं गणपती झाल्यावर कुलूप लागून बंद आहेत. मुंबईकरांनो, पडवी आणि एक खोली महिनाभर वापरायला द्या, साफसफाई मंडळ करेल, जाताना फिनेलने पुसून कुलूप लावून देऊ. माजघरात, देवघरात कोणी जाणार नाही, हा शब्द आहे आमचा.

दुसरं म्हणजे जेवण. तापात मेसचं तिखट जात नाही, उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड एवढी पुरते. ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातून एक वेळ डबा द्या, उंबऱ्यावर ठेवून यायचं, आत जायचं नाही. तांदूळ दिलात तरी चालेल.

पैसे देणार असाल तर ते साबण, मास्क, थर्मामीटर आणि मेसच्या मावशींच्या फ्लूच्या लशीला जातील. मावशी दोन्ही वेळा सगळ्या पोरांना वाढतात, त्यांना आधी द्यायला हवी असं आमचं स्पष्ट मत आहे. लस लागू पडायला साधारण दोन आठवडे लागतात आणि दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, त्यामुळे उशीर नको. 2009 ला स्वाइन फ्लूत पुण्यात शाळा-कॉलेजं बंद करायला लागली होती, तशी वेळ इथे यायला नको.

आणि एक, जरा नीट वाचा. आपल्याकडे पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लू नसतो, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) असतो, डेंग्यू असतो. भाताच्या लावणीला, बेणणीला (तण काढायला) चिखलात उतरलेलं पोर असेल आणि पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणू नका, फ्लूच्या विषाणूवर ते चालतच नाही. दम लागत असेल किंवा ताप उतरून परत चढला तर रात्र असली तरी मंडळाच्या पोरांना हाक मारा, गाडी आहे.

वस्तू आणि पैसे मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी आणून द्या, पावती मिळेल. चावी देणाऱ्यांनी लाइट चालू आहे की मीटर काढलाय आणि विहिरीवर पंप आहे का, तेवढं आधी कळवा.