मक्याची आयात: जपान आणि मेक्सिको

महोदय,

मक्याच्या आयातीचा विषय निघाला की ‘जपान घेतो, मेक्सिको घेतो, मग आपण का नको’ असा सूर हमखास लागतो. पण या दोघांना एकाच तागडीत तोलता येत नाही. जपान कित्येक दशके जवळजवळ सगळा मका बाहेरून आणतो, वर्षाला साधारण दीड कोटी टन. तो मुख्यतः पशुखाद्यात आणि स्टार्चच्या कारखान्यांत जातो. जपानी माणसाच्या ताटातला तांदूळ मात्र चढ्या आयातशुल्काआड जपलेला आहे.

मेक्सिकोची गोष्ट निराळी. मका मुळात तिथलाच. १९९० च्या आसपास आयात ५० लाख टनांच्याही आत होती. १९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील नाफ्टा हा मुक्त व्यापार करार लागू झाला, २००८ मध्ये उरलेसुरले शुल्क गेले आणि आज आयात दोन कोटी टनांवर आहे. तोर्तियाचा, म्हणजे तिथल्या मक्याच्या पोळीचा, पांढरा मका अजून बहुतांश देशातच पिकतो. येतो तो अमेरिकेचा पिवळा, पशुखाद्याचा. तरीही २०२३ मध्ये तोर्तियासाठी जनुकीय बदल केलेला मका नको, असा हुकूम सरकारने काढला, तेव्हा अमेरिकेने तक्रार केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नाफ्टाच्या जागी आलेल्या व्यापार करारातील लवादाने मेक्सिकोविरुद्ध निकाल दिला. मक्याच्या निर्णयावरून लवादापुढे हरण्याची ही वेळ जपानवर आलेली नाही.

आपल्याकडे इथेनॉलमुळे मक्याची मागणी वाढली आहे आणि कोंबडीपालक महाग खाद्याने कातावले आहेत, हे खरेच. पण आयातीच्या अटी ठरवताना सरकारने टनांइतकेच करारातले कलमही वाचावे.

– एक वाचक, जळगाव