टिल्ट

बोलोन्या, रविवार

प्रिय सुऱ्या,

आठ महिने पत्र नाही, माहीत आहे. शिव्या नंतर घाल. गुडघा तसाच, साखर काबूत. पुढे.

एक भानगड करून बसलोय आणि ती तुझ्याखेरीज कुणाला कळणार नाही. मी पिनबॉल विकत घेतलाय, काचेखाली लोखंडी गोळी उडवत खेळायचं ते यंत्र. खराखुरा, चार पायांचा, झाकारिया कंपनीचा 'फारफाल्ला', 1983 चा. फारफाल्ला म्हणजे फुलपाखरू, आणि हे फुलपाखरू उचलायला चार माणसं लागली! तळघरात जुन्या चादरीखाली ठेवलंय. हिला अजून सांगितलेलं नाही.

झाकारिया इथलेच, बोलोन्याचे. मारिनो, फ्रांको, नताले, तिघे सख्खे भाऊ. सत्तरच्या दशकात पिनबॉल बनवायला लागले आणि एके काळी बॅली, विल्यम्स या शिकागोवाल्यांच्या मागोमाग जगात तिसरे होते. व्हिडिओ गेम आले तेव्हा तेही बनवले, तरी ऐंशीचं दशक सरता सरता कारभार आटोपला. पण तिघा भावांचा एक कारखाना, इतकी वर्षं! आपल्या दोघांत एक सायकल टिकली नाही. (चेन तूच तोडलीस.)

काल रात्री हळूच खाली गेलो. गोळी दोन फ्लिपरच्या, म्हणजे तिला परत वर उडवणाऱ्या दांड्यांच्या, मधून निसटायला लागली, मी कमरेनं धक्का दिला आणि फ्लिपर मेले. टिल्ट! आत धातूच्या कड्यात एक लोलक टांगलेला असतो. यंत्र जास्त हललं की तो कड्याला टेकतो, सर्किट जुळतं, गोळी बाद. मला एकदम तुमच्या माडीवरचं बगाटेल आठवलं. मागून पंचांग सरकवायचास आणि वर 'जमीनच उतरती आहे' म्हणायचास. चोरा, तेव्हा लोलक असायला हवा होता.

आता हिचं काय करू? पैसे गाडीच्या टायरांचे होते. तेही एक वेळ निभावेल, पण 'कशाला?' म्हणाली तर? उजवा फ्लिपर मान टाकतो, कॉइल गेली असणार. म्हणजे अजून खर्च. काल तिनं तळघराची किल्ली मागितली, लोणच्याची बरणी आणायला. म्हटलं, मीच आणतो. या आठवड्यात तिसऱ्यांदा म्हटलं. एरवी मी पाण्याचा पेला उचलत नाही, तुला ठाऊक आहे.

चिन्मयचं लग्न ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. दुकान कसं चाललंय? वहिनींना नमस्कार.

हिचा फोन आलाच तर गडबडू नकोस. घ्यायला तूच लावलंस, असं मी सांगणार आहे.

तुझा,
बाब्या