रोज पन्नास शब्द, आठवड्यात निम्मे गायब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२४ ला आपल्या महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं कामाला पाठवायचा करार केला तेव्हापासून 'तीन महिन्यात जर्मन' वाल्या जाहिराती लई वाढल्यात. माझी पोरगी नर्सिंग झालीय, तीपण एका क्लासला जाते, नाव नको. तिथं रोज ५० शब्दांची यादी आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट. टेस्टला पैकीच्या पैकी, अन् रविवारी विचारलं की निम्मे गायब, मग म्हणते पप्पा माझं डोकंच चालत नाही. डोकं चालतंय हो, पद्धत चुकलीय.

हिशोब कुठनं आला तेपण कळलं. जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी वन म्हणजे मधल्या पातळीच्या परीक्षेच्या यादीत साधारण २४०० शब्द आहेत, ५० नं भागलं की ४८ दिवस. कागदावर बसतंय झकास! (नर्स म्हणून तिथं मान्यता पाहिजे तर साधारण बी टू म्हणजे त्याच्या वरची पातळी लागते, ते जाहिरातीत बारीक अक्षरात.)

मी उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं काढली. गावाकडनं नवीन हेल्पर येतो त्याला चक, टेलस्टॉक, फीड, बोअर कायबी माहीत नसतं, यादी कोण देत नाही, 'चक टाईट कर रे' म्हणून दहादा ओरडलं की महिन्याभरात तोच दुसऱ्यावर ओरडायला लागतो.

म्हणून घरात भांड्यांना चिठ्ठ्या लावल्या. तेव्हा दिसलं की क्लासच्या यादीत शब्दाचं लिंगच नाही, आणि जर्मनमध्ये तर ते शब्दासोबतच पाठ पाहिजे. चमचा डेर लॉफेल म्हणजे 'तो', काटा दी गाबेल म्हणजे 'ती', सुरी दास मेसर म्हणजे 'ते'. आता आपल्याकडं सुरी 'ती' आहे, त्यामुळं घोळ होतो, पण तो-ती-ते हा प्रकार मराठी माणसाला नवीन नाही, इंग्रजीतनं शिकवण्यापेक्षा मराठीतनं शिकवलं तर पटकन कळेल असं माझं मत. हातमोज्याला ते हान्टशू म्हणतात, म्हणजे हाताचा बूट. आपण हाताचा मोजा म्हणतो, ते बूट म्हणतात, एवढाच फरक! पोरगी हसली आणि तो शब्द परत विसरली नाही. आणि गिफ्ट म्हणजे जर्मनमध्ये विष, हे नर्सला तरी आधी सांगायला पाहिजे की नको?

पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ लाच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय. त्यावर लाइटनरच्या डब्याची जुनी युक्ती आहे, आम्ही चपलांच्या खोक्यात पुठ्ठा लावून पाच कप्पे केले. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज बघायची, बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, तिथली दोन-तीन दिवसांनी, त्यापुढची आठवड्यानं असं वाढवत न्यायचं, चुकलं की परत पहिल्यात. रोज नवीन शब्द फक्त बारा, तेपण वाक्यात. स्पीड कमी आहे, पण आता तिची आईसुद्धा फ्रीजला क्यूलश्रांक म्हणते.

क्लासवाल्यांना एवढंच सांगायचंय, टेस्ट जरूर घ्या, पण कालच्या शब्दांची नको, गेल्या महिन्यातल्या शब्दांची घ्या.

आपला,
एक पालक, कोल्हापूर