तुमच्या मनगटाच्या मापाचं बाकडं

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, बाबांना चपला घालून उभं करून जमिनीपासून मनगटापर्यंतचं माप घे असं मी फोनवर सांगितलं होतं, आठवतं? तू ३२ इंच म्हणालीस. त्या मापाचं सुतारकामाचं बाकडं मागच्या गॅलरीत उभं राहिलंय.

बाबा, तुम्ही जन्मभर खाली बसून, फळी पायाने दाबून रंधा मारलात. गुडघे दुमडेनासे झाले आणि हत्यारं पेटीत गेली, ते मला बघवत नाही. आता उभ्याने काम करा. डाव्या टोकाला व्हाइस बसवलाय, फळी तो धरेल.

लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं, जुन्या घरातून निघालेलं सागवान. लोहचुंबक फिरवून सगळे खिळे शोधून उपटले. तरी एक मुंडकं तुटलेला आत राहिलाच. तुमच्या रंध्याचं पातं त्यावर गेलं आणि धारेला मोहरीएवढा खड्डा पडला. मला रडूच आलं. दोन संध्याकाळी धारेच्या दगडावर घासत बसले तेव्हा धार परत सरळ झाली, पण पातं तेवढं झिजलं. हे मला तुमच्यापासून लपवायचं नव्हतं.

पायांना एकही खिळा नाही. आडव्या पट्ट्यांच्या टोकांना कुसू, म्हणजे भोकात शिरणाऱ्या जिभा, काढले, पायांत पटाशीने भोकं पाडली आणि ठोकून बसवले. पहिला सांधा ढिला झाला, त्याला तुम्ही मारायचात तशी पाचर मारली. वरच्या फळ्या पावसाळ्यात रुंदीला फुगणार, म्हणून त्यांच्या स्क्रूची भोकं लांबट ठेवलीत.

चकचकीत पॉलिश नको वाटलं, त्यावर काम घसरतं. जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, दर वेळी जास्तीचं पुसून घेत. आई, पहिल्या हाताला मला तुझी जवसाची चटणीच आठवली गं! तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेतात, म्हणून ती दोरीवर मोकळी वाळत घातली.

दिवाळीला दोघंही या. बाबा, पटाश्यांची पेटी घेऊन या. आईला देवापुढे चौरंग हवाय ना, त्याची फळी आणून ठेवलीय. तिला मी अजून हात लावलेला नाही.

तुमची,
ताई