आणखी दोन वर्षे

पेरुजा (इटली), रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचे दोनदा ठरवले आणि दोन्ही वेळा बाबांच्या साखरेवर बोलून फोन ठेवून दिला, म्हणून लिहिते आहे. येथील संशोधनाची मुदत आणखी दोन वर्षे वाढवायला मी होकार कळवला आहे. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मान्य. पण तुम्ही "राहा" म्हणाला असता आणि आई रात्रभर जागी राहिली असती.

आई, "तिथे करतेस तरी काय?" असे तू विचारतेस. नौपाड्याच्या घरी आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत भगभगीत पिवळी व्हायची आणि तू रागवेपर्यंत मी ओट्याला लोंबकळून पाहत असे. तो रंग मिठातल्या सोडियमचा. आचेने त्याचा अणू जास्तीची ऊर्जा घेऊन उत्तेजित होतो आणि सुमारे 16 नॅनोसेकंदांत ती ऊर्जा प्रकाशरूपाने टाकून शांत होतो. आम्ही अभ्यासतो तो नायट्रोजनचा उत्तेजित अणू मात्र ती इतक्या लवकर सोडत नाही आणि तिच्यासकट दुसऱ्या रेणूवर जाऊन आदळतो. एरवी मिथेनकडे ढुंकूनही न पाहणारा नायट्रोजनचा अणू या अवस्थेत त्याच्याशी अभिक्रिया करतो. शनीच्या टायटन या उपग्रहाच्या वातावरणात हेच चालते.

आम्ही निर्वात पेटीत अणूंचा एक आणि रेणूंचा दुसरा झोत एकमेकांवर आडवा सोडतो. पेटीतला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जांश भागाच्या आसपास ठेवावा लागतो, नाहीतर टकरीतून निघालेला तुकडा वाटेत आणखी कुणावर आपटतो आणि पहिल्या टकरीची हकिगत पुसली जाते. मग शोधक यंत्र कोनाकोनाने फिरवून, कोणता तुकडा कुठे किती वेगाने गेला हे मोजायचे. ते पुढे-मागे सारखेच विखुरले, तर दोघांनी फुटण्यापूर्वी एकत्र काही गिरक्या घेतल्या असाव्यात. बहुतेक एकाच बाजूला गेले, तर भेट उभ्या उभ्याच आटोपली. या तंत्रासाठी हर्शबाख आणि युआन ली हे शास्त्रज्ञ 1986 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले, तेव्हा मुलगी खुळ्या नादाला लागलेली नाही, असे काकांना खुशाल सांगा. पण मोजणीला तासन्‌तास लागतात आणि असले यंत्र गाठोड्यात बांधून ठाण्याला आणता येत नाही.

माझे येथे उत्तम चालले आहे. कुकर आहे, तूरडाळ मिळते, आणि शहर टेकडीवर असल्याने चालणेही भरपूर होते. गोडा मसाला अजून अर्धा डबा शिल्लक आहे. उगाच पाठवू नका.

बाबा, उपाशीपोटीची साखर वहीत लिहून दर रविवारी पानाचा फोटो पाठवा. "नॉर्मल आहे" हे उत्तर चालणार नाही. जांभळी नाक्याला स्कूटर घेऊन जायचे नाही, रिक्षा करा. आई, गुडघ्याचे व्यायाम मावशी यायच्या आधी उरकत जा आणि पाण्याची बादली त्यांनाच उचलू दे. गणपतीला मी पंधरा दिवस येणार आहे, तिकीट काढले आहे.

तुमची,
छकुली